जाड मूल आळशी असते का?

रविवारी मिस्सा संपली की आपण चर्चच्या आवारात घटकाभर थांबतो, एकमेकांची ख्यालीखुशाली विचारतो. एखादा गुबगुबीत मुलगा आईचा हात धरून उभा असतो. कुणीतरी त्याचा गालगुच्चा घेऊन म्हणते, "काय रे, नुसता खातोस वाटतं! जरा खेळत जा की." सगळे हसतात. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नसते. तरीही त्या वाक्यात दोन आरोप आहेत, खादाडपणाचा आणि आळसाचा. आणि सात प्रमुख पापांच्या यादीत ही दोन्ही नावे आहेत. लहान मुलावर एवढा मोठा ठपका ठेवण्यापूर्वी तो खरा आहे का, हे पाहायला नको?

इंग्लंडमधील प्लिमथ शहरात 2000 साली 'अर्लीबर्ड' नावाचा अभ्यास सुरू झाला. त्यातल्या सुमारे 200 मुलांची वयाच्या सातव्या वर्षापासून दहाव्या वर्षापर्यंत दरवर्षी तपासणी झाली. मूल दिवसभरात किती हालचाल करते हे अंगावर बांधलेल्या छोट्या यंत्राने आठवडाभर मोजले जाई, आणि शरीरातील चरबी क्ष-किरणांच्या साहाय्याने. प्रश्न साधा होता. आधी काय येते, आळस की जाडी? आपण सगळे छातीठोकपणे सांगू, आधी आळस. निघाले उलटे. सातव्या वर्षी ज्यांच्या अंगात चरबी जास्त होती, त्यांची धावपळ पुढील तीन वर्षांत कमी होत गेली. पण कमी हालचाल करणाऱ्यांची चरबी त्यामुळे पुढे वाढल्याचे दिसले नाही. एका शहरातला अभ्यास म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, हे मान्य. आपला ठपका डळमळीत व्हायला मात्र तो पुरेसा आहे.

आणि त्यात न समजण्यासारखे काय आहे? जड शरीर घेऊन पळायचे म्हणजे दम लागतो. क्रिकेटचा संघ निवडताना त्याचे नाव सर्वांत शेवटी येते, नाहीतर त्याला अंपायर करून टाकतात. पळाला तर हसतात, बसला तर आळशी म्हणतात. मग तो टीव्हीसमोर जाऊन बसला तर नवल कसले!

बरे, दोष खाण्याचा म्हणावा, तर सात वर्षांचे मूल बाजारहाट करत नाही. वेफर्सची पाकिटे आणि थंड पेयाच्या बाटल्या घरात कोण आणते? रडू नये म्हणून बिस्किटाचा पुडा हातात कोण देते? शिवाय अंगकाठी पुष्कळशी आईवडिलांकडूनच येते. सात वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला समज आली आहे असे चर्चचा 1983 चा कायदा (कलम 97) धरून चालतो, हे खरे. पण पापाला समज लागते तशी मोकळी संमतीही लागते, हेही धर्मशिक्षणाच्या वर्गात आपणच शिकवतो.

मग मुलांना खेळायला पाठवूच नये काय, असे एखादा पालक विचारील. अवश्य पाठवावे. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी 60 मिनिटे चांगली दमदार हालचाल सांगते. त्याने हाडे आणि हृदय बळकट होतात, मग वजन उतरो वा न उतरो. प्लिमथमध्येही जास्त हालचाल करणाऱ्या मुलांची चरबी घटलेली दिसली नाही, पण त्यांच्या रक्ततपासणीचे आकडे मात्र अधिक चांगले होते. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात (कलम 31) खेळणे हा मुलाचा हक्क म्हटला आहे, आणि भारताने 1992 साली तो करार स्वीकारला. त्या कलमात वजनाची अट नाही.

म्हणूनच खेळ हा शिक्षा म्हणून देणे मला पटत नाही. "वजन उतरेपर्यंत रोज मैदानाला दहा फेऱ्या," असे बजावून मुलाला बाहेर काढले जाते. महिनाभर ते बिचारे पळते. मग त्याला काट्यावर उभे करतात. आकडा जागचा हललेला नसतो. घरचे म्हणतात, याने फेऱ्या चुकवल्या असतील.