दक्षिणा, सलफ आणि अनुदान

बहरीनमधल्या मुहर्रकच्या जुन्या गल्ल्यांतून संध्याकाळी हिंडताना मोत्यांच्या व्यापाऱ्यांचे ते प्रवाळी दगडाचे वाडे दिसले, की मला त्यांच्या वैभवापेक्षा त्यांच्या दफ्तरांत एके काळी लिहिल्या जाणाऱ्या हिशोबाचीच आठवण अधिक होते. उन्हाळ्याच्या हंगामात समुद्राच्या तळाशी बुड्या मारणाऱ्या पाणबुड्याला नाखवा आधी उचल देई. तिला येथे 'सलफ' म्हणत. मोती चांगले निघाले नाहीत तर ती फिटत नसे, पुढच्या सालच्या खात्यावर चढे, आणि पाणबुड्या मेला तर पुष्कळदा त्याच्या मुलाच्या नावे लागे. १९२० नंतरच्या दशकात या व्यवहाराची सुधारणा झाली, प्रत्येक पाणबुड्याच्या हाती त्याच्या हिशोबाची स्वतंत्र वही असावी असा नियम झाला; आणि तरीही १९३२ साली, उचलीची रक्कम कमी झाली म्हणून, पाणबुड्यांनीच राजधानी मनाम्यात दंगा केला, कारण ज्या दोराने ते बांधलेले होते त्याच दोराला धरून त्यांचे घर कसेबसे उभे होते. त्याच वर्षी जबल दुखानच्या पायथ्याशी तेल लागले, आणि मोत्यांचा इतिहास संपत आला.

आज याच बेटावर राज्यसंस्था लहान उद्योजकाच्या हाती जो पैसा ठेवते, त्याचे स्वरूप या सलफेच्या अगदी उलट आहे. २००६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या 'तमकीन' या श्रमनिधीतून खासगी उद्योगांना यंत्रसामग्री, प्रशिक्षण आणि बहरीनी नोकरदारांचे वेतन यांच्या खर्चाचा काही हिस्सा मिळतो. 'तमकीन' या शब्दाचा अर्थच सामर्थ्य देणे असा आहे. वैद्यकीय उपकरणांसह विविध क्षेत्रांत संशोधन करणाऱ्या लहान उद्योगांसाठी अमेरिकेने १९८२ च्या कायद्याने सरकारी खात्यांच्या संशोधनखर्चातला ठरावीक वाटा बाजूला काढला. आपल्याकडे 'बायरॅक' ही केंद्र सरकारची संस्था अजून कल्पनेतच असलेल्या उपकरणासाठी वा औषधासाठी ५० लाख रुपयांपर्यंतचे अनुदान १८ महिन्यांच्या मुदतीने देते. प्रामाणिक प्रयत्न करूनही कल्पना फसली, तर बुडालेल्या हंगामाची वसुली कोणी करीत नाही. मग हा पैसा म्हणजे आहे तरी काय? कर्ज तर नव्हे. पण त्याला दान म्हणता येईल काय?

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत देश, काल आणि पात्र पाहून द्यावे, आणि परतफेडीची अपेक्षा ठेवू नये, असा आशय आहे. यातील शेवटची अट अनुदान पाळते. अडचण येते ती पात्राची. संशोधकाची पात्रता त्याचे संशोधन सिद्धीस गेल्यावरच कळते, आणि तेव्हा द्रव्याची गरज उरलेली नसते. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास जी दक्षिणा वाटली जाई, तिने हा प्रश्न जन्मावर सोपवून सोडविला होता. वेदशास्त्रांत परीक्षा देणाऱ्यास अधिक मिळे हे खरे, परंतु बहुसंख्यांस केवळ ब्राह्मण म्हणून मिळे. पुढे कंपनी सरकारने त्या रकमेचा काही भाग विश्रामबागवाड्यातील पाठशाळेकडे वळविला, आणि १८४९ साली पुण्यातल्या सुधारक मंडळींनी अर्ज केला, की या पैशातून मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस उत्तेजन द्यावे. सनातनी मंडळी संतापली, कारण त्यांच्या मते तो परंपरागत हक्क होता. त्या अर्जाचे मला फार महत्त्व वाटते. घेणारा कोण आहे, हा प्रश्न मागे सारून, त्याच्या हातून लोकांना काय मिळणार आहे, हा प्रश्न आपल्या भाषेच्या प्रदेशात त्या वेळी सार्वजनिक द्रव्याच्या बाबतीत उघडपणे विचारला गेला. पात्र म्हणजे व्यक्ती, ही समजूत तेथे ढळली. व्यक्तीच्या पलीकडे उभा असलेला वाचक पात्र ठरला. वैद्यकीय संशोधनात त्या वाचकाच्या जागी रोगी असतो.

इस्लामी धर्मशास्त्राने हा प्रश्न दुसऱ्या बाजूने हाताळला आहे, आणि बहरीनमध्ये राहून त्याकडे दुर्लक्ष करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. इस्लामी वित्तसंस्थांच्या हिशोबाचे दंडक ठरविणारी आंतरराष्ट्रीय संस्थाही याच मनाम्यात आहे. व्याज निषिद्ध मानल्यावर भांडवल आणि श्रम यांचा संबंध कसा असावा, याचे एक उत्तर 'मुदारबा' या करारात सापडते: एकाने द्रव्य घालावे, दुसऱ्याने कष्ट, नफा ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यावा, परंतु कष्टकऱ्याचा हलगर्जीपणा नसता तोटा आलाच, तर द्रव्याचा तोटा द्रव्यवाल्याचा, आणि कष्टकऱ्याचे गेले ते त्याचे श्रम. सलफेमध्ये समुद्राचा सगळा लहरीपणा पाणबुड्याच्या पाठीवर होता. मुदारब्यात तो दोघांनी वाटून घेतला. अनुदान याच्याही एक पाऊल पुढे जाते. तोटा राज्याने सोसावा आणि नफ्यातही वाटा मागू नये, हे औदार्य कोणताही सावकार दाखविणार नाही, आणि दाखवूही नये, कारण राज्य जे सोसते ते राज्याचे नसतेच.

मग ते कोणाचे? तमकीनच्या खजिन्यात येणाऱ्या पैशाचा मोठा भाग परदेशी कामगारांच्या परवान्यांवरील शुल्कातून येत आला आहे. २००८ पासून हे शुल्क दर कामगारामागे दरमहा १० दिनार असे. २०१३ पासून पहिल्या पाच कामगारांपुरते ते ५ दिनार झाले. शुल्क भरतो मालक, हे मला ठाऊक आहे, परंतु मजुरीचा भाव ठरविताना तो ही रक्कम जमेस धरीत नसेल, असे मला वाटत नाही. म्हणजे रत्नागिरीहून, तेलंगणातून, केरळातून, बांगलादेशातून आलेला जो माणूस ऑगस्टच्या उन्हात परांचीवर उभा आहे, त्याच्या घामाचा काही अंश या बेटावरच्या उद्योजकाच्या प्रयोगशाळेत पोचतो. येथील राज्याने आपल्या प्रजेच्या उत्कर्षासाठी ही योजना केली, यात मला गैर काही दिसत नाही. तरीही शतपथ ब्राह्मणाने देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांसोबत मनुष्याचे ऋण म्हणून जे चौथे ऋण सांगितले, ते येथे लागू होते, आणि ते अनुदान घेणाऱ्यावर चढते, असे माझे ठाम मत आहे. दान घेतले म्हणजे व्यवहार संपतो. ऋण घेतले म्हणजे तो सुरू होतो.

हे ऋण कोणास फेडावयाचे, याचे एक उदाहरण या भूमीच्या रक्तातच आहे. रक्तपेशींना विळ्याचा आकार आणणारा 'सिकल सेल' हा आनुवंशिक रोग बहरीनमध्ये फार आढळतो. २००४ च्या कायद्याने येथे विवाहापूर्वीची तपासणी आवश्यक झाली, पुढे नवजात बालकांचीही तपासणी सुरू झाली. आणि डिसेंबर २०२३ मध्ये, जनुकात फेरफार करून या रोगावर उपचार करणाऱ्या 'कॅसजेव्ही' या औषधाला ब्रिटनच्या मागोमाग मान्यता देणारा बहरीन हा जगातला दुसरा देश ठरला. अमेरिकेत त्या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर सांगितली जाते. हाच रोग नंदुरबारच्या आणि गडचिरोलीच्या आदिवासी पाड्यांत आहे. नुसता हाच रोग नव्हे, तर त्या दोषयुक्त जनुकाभोवतीची रचनाही पूर्व अरबस्तानात आणि भारतात एकच आढळते, आणि म्हणूनच शास्त्रज्ञ तिला 'अरब-भारतीय' असे नाव देतात. ती समुद्रापलीकडे गेली तेव्हा परवाना घेऊन गेली नव्हती.

बोटाच्या वा टाचेच्या रक्ताच्या एका थेंबावरून काही मिनिटांत या रोगाचे निदान करणारी लहानशी पट्टी तयार करणे, हे मोठ्या कंपनीला फारसे आकर्षक काम नाही, कारण ज्यांना ती हवी त्यांच्यापाशी पैसा नाही. ते चारसहा माणसांच्या उद्योगाचेच काम आहे, आणि त्या उद्योगाची शिल्लक जेमतेम सहा महिन्यांची असते. म्हणूनच येथे सार्वजनिक द्रव्य घालावे, बुडण्याची शक्यता दिसत असतानाही घालावे, असे मी म्हणतो. परंतु अट हवी. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून निघालेल्या शोधाचा हक्क संशोधन करणाऱ्या संस्थेकडे ठेवला, आणि लोकांना शोधाचा लाभ मिळत नसेल तर हस्तक्षेप करण्याचा अधिकार सरकारने राखला. केवळ भारी किमतीच्या कारणावरून तो वापरावा, ही मागणी तेथे वारंवार फेटाळली गेली आहे. मागाहून वापरावयाचा अधिकार असा निरुपयोगी ठरतो. पट्टी मनाम्याच्या दवाखान्यात आणि नंदुरबारमधल्या धडगावच्या आरोग्यकेंद्रात कोणत्या भावाने मिळेल, हे पहिला हप्ता खजिन्यातून निघण्यापूर्वी, उद्योजकाचे हात अजून रिकामे असताना, सनदेत लिहिलेले असावे.