दगड साक्षीला, मंडळी वाटेवर

मराठी ख्रिस्ती समाजाच्या बोलण्यात ‘मंडळी’ आणि ‘चर्च’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात, परंतु त्यांचे अर्थ मुळात वेगळे आहेत. ‘मंडळी’ हा नव्या करारातील ‘एक्लेसिया’ या ग्रीक शब्दाचा मराठी पर्याय असून हाक देऊन एकत्र जमवलेली माणसे एवढाच त्याचा अर्थ आहे. ‘चर्च’ हा शब्द मात्र ‘प्रभूचे’ अशा अर्थाच्या ग्रीक विशेषणापर्यंत मागे नेता येतो आणि रूढ वापरात तो वास्तूला चिकटला आहे. एरवी हा भेद कोणाच्या ध्यानीमनी नसतो. मंडळी जुनी वास्तू सोडून नव्या वास्तूत जायला निघते तेव्हा तो उघड होतो, आणि पावित्र्य मंडळीबरोबर जाते की मागे राहते, हा प्रश्न टाळता येत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात हा प्रश्न एका गावाच्या नावातच दडलेला आहे. जालना 1981 पर्यंत औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर, जिल्ह्यातच होते. त्या जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वसाहत उभारली. ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या आणि 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या शेषाद्रींना त्यासाठी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या कारकिर्दीत जमीन मिळाली. बेथेल म्हणजे हिब्रू भाषेत ‘देवाचे घर’. उत्पत्तीच्या पुस्तकातील कथेनुसार भावाच्या धाकाने परागंदा झालेला याकोब उघड्या माळावर दगड उशाला घेऊन झोपला, स्वप्नात त्याने स्वर्गाला टेकलेली शिडी पाहिली, आणि सकाळी तोच उशाचा दगड उभा करून, त्यावर तेल ओतून, त्याने त्या जागेला बेथेल हे नाव दिले. या कथेचे मर्म पुढच्या प्रवासात आहे, कारण ज्या जागेला देवाचे घर म्हटले तिथे याकोब राहिला नाही. त्याला मिळालेले वचनच मुळी जाशील तिथे सोबत असण्याचे होते. दगड तिथेच राहिला आणि वचन चालू लागले.

यावरून जागेला काहीच महत्त्व नाही असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि सुधारणावादी, म्हणजे प्रोटेस्टंट, परंपरेने तो पुष्कळदा काढलाही आहे. शलमोनाने मंदिर बांधल्यावर केलेल्या प्रार्थनेतही, आकाशात न मावणारा देव या घरात कसा मावेल, अशी शंका आहेच. तरीही हा निष्कर्ष अपुरा आहे, आणि तो अपुरा का, हे बेथेलसारख्या वसाहतीकडे पाहिले की कळते. तिथे आलेली बरीच कुटुंबे अस्पृश्य ठरवलेल्या जातींतली होती. त्यांनी देवळाची पायरीसुद्धा लांबूनच पाहिलेली होती. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून 1930 मध्ये सत्याग्रह करावा लागला, हे ध्यानात घेतले तर ज्या घरात शेवटच्या बाकावरून उठून पहिल्या बाकावर बसता येते आणि प्रभुभोजनाच्या वेळी सर्वांसोबत एकाच भाकरीतला तुकडा हातावर घेता येतो, त्या घराला ‘नुसत्या विटा’ म्हणणे हे ज्यांना कधी कोणी दारातून परतवले नाही त्यांचे तत्त्वज्ञान ठरते.

मूर्तिपूजक परंपरेत या प्रश्नाला वेगळे उत्तर आहे. प्राणप्रतिष्ठा झालेल्या मूर्तीत देवाचे सान्निध्य मानले जात असल्याने स्थलांतर हे खुद्द देवाचेच स्थलांतर असते. विजयनगरला नेलेली विठ्ठलाची मूर्ती पैठणच्या भानुदासांनी पंढरीस परत आणली ही वारकऱ्यांची परंपरागत कथा त्याच श्रद्धेवर उभी आहे. रोमन कॅथलिक परंपरा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभी राहते. तिथे बिशप नव्या ख्रिस्ती मंदिराची वेदी आणि भिंती पवित्र तेलाने अभ्यंगित करतात, आणि 1983 च्या धर्मविधीसंहितेनुसार उपासनेसाठी निरुपयोगी झालेले मंदिर लौकिक वापराला देता येते, मात्र तो वापर हीन असता कामा नये. म्हणजे उपासना थांबली तरी वास्तूची अदब काही अंशी शिल्लक राहते.

ही अदब कशाची, याचे सर्वांत समाधानकारक उत्तर यहोशवाच्या पुस्तकात सापडते. यहोशवा लोकांकडून करार वदवून घेतो, मोठा धोंडा उभा करतो आणि या धोंड्याने सर्व ऐकले आहे, तो साक्षी आहे, असे सांगतो. वास्तू ही देवाची निवासी जागा नव्हे, ती साक्षीदार आहे. तिच्यासमोर लग्नाच्या शपथा झाल्या, लेकरांना नावे मिळाली, दुष्काळात पावसासाठी गुडघे टेकले गेले. साक्षीदाराची पूजा होत नसते, पण त्याला वाऱ्यावरही सोडता येत नाही.

वास्तू तीच राहून मंडळीच बदलते, असा उलट प्रसंगही घडतो. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा त्यात सामील झालेल्या मंडळ्या होत्या त्याच बाकांवर बसून नव्या घरात गेल्या. भिंत हलली नाही. उपासनेची नियमावली आणि माणसांची एकमेकांशी असलेली नाती हलली.

प्रत्यक्ष स्थलांतरात मंडळी प्रभुभोजनाचा प्याला, बाप्तिस्म्याचे पात्र आणि बाप्तिस्म्याची नोंदवही सोबत नेते. यांपैकी नोंदवही सर्वांत मोलाची, कारण साक्षीदाराने ऐकलेले तिच्यात लिहिलेले असते. कबरी मात्र नेता येत नाहीत. वसईच्या किल्ल्यात 1739 च्या मराठ्यांच्या विजयानंतर ओस पडत गेलेल्या फ्रान्सिस्कन मंदिराच्या फरशीत पोर्तुगीज अक्षरांचे थडग्यांचे दगड आजही उघड्या आभाळाखाली आहेत, तर किल्ल्याबाहेरच्या गावांतली मंदिरे दर रविवारी भरतात. म्हणूनच नव्या वास्तूचे समर्पण झाल्यावरही 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मेणबत्त्या आणि झेंडूची फुले घेऊन माणसे जुन्याच वाटेने दफनभूमीकडे जातात, आणि कबरीवरचे गवत उपटून नावाचा दगड पाण्याने धुतात.