अनिश्चिततेचे पैसे कोणाला मिळतात?

कॉन्ट्रॅक्टवरच्या इंजिनीअरचा रेट कळला की कायम नोकरीवाले कुजबुजतात: काम तेच, मग याला जास्त का?

आधी हिशेब करू. महिना 1 लाख पगार म्हणजे वर्षाला 12 लाख. शनिवार-रविवार सोडून कामाचे साधारण 260 दिवस धरले, तर दिवसाला 4,615 रुपये पडतात. कॉन्ट्रॅक्टवाल्याला सण, रजा, आजारपण यांचे पैसे नसतात. त्यात 30 दिवस गेले आणि दोन प्रोजेक्टच्या मध्ये 40 दिवस रिकामे गेले, तर उरले 190. तेच 12 लाख मिळवायला त्याचा रेट 6,316 हवा. पीएफमधला कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, आरोग्य विमा तर अजून धरलेलाच नाही. थोडक्यात, वरचे पैसे ही अनिश्चिततेची किंमत आहे.

या न्यायानं ज्याचं काम जास्त बेभरवशाचं, त्याला जास्त मिळायला हवं. पण आमच्या गोंदिया जिल्ह्यात बिडीच्या धंद्यात हे गणित उलटं चालत आलंय. बायका ठेकेदाराकडून तेंदूपत्ता आणि तंबाखू घरी आणतात, पानं भिजवतात, कापतात, बिड्या वळतात. मजुरी हजार बिड्यांमागे. माल कमी आला की मजुरी कमी, बिडी नापास झाली की झळ त्यांनाच. अनिश्चितता सगळी त्यांची, तिची किंमत मात्र रेटमध्ये नाही.

घरी बसून काम करणारी बाई कामगार आहे की नाही, हा वाद ॲपवाल्या कंपन्यांच्या खूप आधीचा आहे. 1966 च्या बिडी-सिगार कायद्यानं तिला कामगार मानलं. कारखानदार सुप्रीम कोर्टात गेले. 1974 मध्ये कोर्टानं कायदा कायम ठेवला.

कोणी म्हणेल, घरी राहून लेकरं सांभाळता येतात, तिनं आपणहून हे काम घेतलंय. सोय खरी आहे. पण होकाराला वजन तेव्हाच येतं, जेव्हा नकार परवडतो. इंजिनीअरकडे बचत असते, दुसरी ऑफर असते, म्हणून तो रेट मागू शकतो. दोघांच्याही कामाला कॉन्ट्रॅक्टच म्हणतात. फरक नकाराच्या ताकदीत आहे. आणि ज्याला नकार परवडत नाही, त्याच्या होकाराचा फायदा घेणं मला न्याय्य वाटत नाही, कागद कितीही कायदेशीर असला तरी.

पुढच्या वेळी कॉन्ट्रॅक्टवाल्याच्या रेटवर चर्चा निघाली, तर एवढं लक्षात ठेवा: ऑफिसच्या गेटवरचा गार्डही बहुतेक कॉन्ट्रॅक्टवरच असतो. त्याचा रेट जास्त आहे, अशी कुजबुज कधी ऐकलीय?