माया संपली

“ताई, आता माया संपली.” शिंप्यानं ब्लाउज उलटं करून काखेखालची शिवण माझ्यापुढे धरली. आत चिमटीत येईल इतकंही कापड उरलं नव्हतं. तीनदा उसवलेल्या टिपांची भोकं रांगेनं दिसत होती आणि त्यांच्या कडेला न विटलेल्या गडद जांभळ्या रंगाची बारीक पट्टी. बाकीचं ब्लाउज केव्हाच फिकं झालेलं.

वयाबरोबर अंग सुटतं, हे कुणी कुणाला सांगायला नको. मला खुपलं ते वेगळंच. लहानपणी आपले कपडे ‘वाढत्या अंगाचे’ शिवत. परकराला आडवी टीप घालून ठेवत, पोर उंच झाली की ती उसवत. मग अंग आता वाढायचं नाही, हे कुठल्या वर्षी ठरतं?

माझी एक मैत्रीण म्हणते, प्रश्न वाढण्याचा नाही, दिसण्याचा आहे. गडद रंग घे, उभ्या रेघा घे, आडवं काही नको. मी तिच्याशी हेल्महोल्ट्झचा आधार घेऊन भांडते. १८६७ साली पूर्ण झालेल्या दृष्टीविषयक ग्रंथात या जर्मन शास्त्रज्ञानं नोंदवलंय, की आडव्या रेघांनी भरलेला चौरस उलट उंच आणि अरुंद भासतो. ती म्हणते, “मी चौरस नाहीये.” पुढे मला बोलता येत नाही.

तरी माझं म्हणणं असं, की कपडा एकतर झाकणारा असतो, नाहीतर सामावून घेणारा. लुगडं सामावून घेणारं. पोट वाढलं तर दोन निऱ्या कमी पडतात, एवढंच. खणाच्या जुन्या चोळीला पुढे गाठ असायची. बाळंतपणाआधी ती एका जागी बसे, नंतर दुसऱ्या, म्हातारपणी तिसऱ्या. हुक आले आणि अंगाला एक आकडा चिकटला. पुरुषांना नाडीचा लेंगा होता. पँट आली तरी शिंपी मागच्या शिवणीत गुपचूप माया सोडतोच.

इथवर मी खुशीत होते. “नवीन शिवू. मापाचं ब्लाउज आणलंय?” शिंप्यानं विचारलं. मापाचं ब्लाउज त्याच्या हातातच होतं. पंधरा वर्षं मी हेच देत आलेय, “याहून बोटभर सैल” असं सांगून. टेप अंगाला लावू दिलेली नाही. म्हणजे ही माया मला सामावून घेत होती, की माझ्यापासूनच काही झाकत होती? मैत्रीण निदान आरशात बघून झाकते. मी बघतच नव्हते.

“टेपनं घ्या,” मी म्हटलं. त्यानं मापं घेतली आणि वही धरून बसलेल्या पोराला मोठ्यानं सांगितली. छाती बेचाळीस, मुंढा अठरा. बाकावर दोन बायका बसल्या होत्या. एकीनंही मान वर केली नाही.

“माया किती ठेवू?”

“दोन्हीकडे दीड इंच.”

“कापड पुरलं तर,” तो म्हणाला.