दगडापेक्षा मऊ
फ्रान्सच्या क्रूझ जिल्ह्यात आम्ही दोघांनी एक जुनं दगडी घर घेतलंय, कायमचं राहायला. भिंतींना ओल होती. कारण निघालं, आधीच्या मालकाने मजबुतीसाठी केलेलं सिमेंटचं प्लास्टर. दगडी भिंतीत ओल शिरतेच. चुन्यातून ती बाहेर पडते, सिमेंटमागे कोंडते.

आता दर शनिवार-रविवार मी छिन्नी-हातोडा घेऊन ते काढतो. कधी सोबत दगडाचाही टवका उडतो. आधी त्या माणसाचा राग यायचा. पण घर टिकावं असंच त्यालाही वाटत होतं ना? मग माझ्या चांगल्या हेतूवर तरी मी का विसंबावं?

याच भागातले गवंडी १९व्या शतकात पॅरिस बांधायला जायचे. त्यांच्या कामाचा एक नियम मला इथे कळला: दरजांमधला चुना दगडापेक्षा मऊ हवा. झिजायचं तर त्याने झिजायचं. आपल्याकडचे वाडेही घाणीत मळलेल्या चुन्यावरच उभे राहिले.

मी कोड लिहितो. माझा कोड कुणीतरी बदलणार, हे तिथे गृहीतच असतं. घराबाबत मात्र मी ‘कायमचं’ म्हणून मोकळा झालो होतो. पन्नास वर्षांनी कुणीतरी माझंही काम खरवडेल. तेव्हा दगड शाबूत राहावा, एवढं मी त्याचं देणं लागतो.