सुपरमॅनची चड्डी आणि चोपड्याचं ऊन

सुपरमॅन पँटवरून चड्डी का घालतो, यावर आपण शाळेत भरपूर हसलो. उत्तर साधं आहे. जेरी सिगल आणि जो शूस्टर यांनी १९३८ मध्ये त्याला कॉमिकमध्ये आणलं, तेव्हा अचाट ताकदीचा माणूस म्हटला की अमेरिकन वाचकाच्या डोळ्यांपुढे सर्कशीतला पहिलवान यायचा. अंगाला चिकटलेले कपडे आणि वर रंगीत चड्डी हा त्या पहिलवानाचा वेश. परग्रहावरून आलेला माणूस सर्कशीच्या तंबूतून आल्यासारखा दिसतो तो त्यामुळे. पुढे सर्कस मागे पडली आणि चड्डी तेवढी हसण्यावारी गेली. २०११ मध्ये कॉमिकने आणि २०१३ मध्ये चित्रपटाने ती काढून टाकली. २०२५ च्या चित्रपटात ती पुन्हा आली.

विज्ञानकथेतला वेश भविष्याबद्दल फारसं काही सांगत नाही. तो शिवला त्या साली कोणता कपडा धीट वाटत होता, एवढंच त्यावरून कळतं. ‘स्टार ट्रेक’च्या पहिल्या चाचणी भागात जहाजावरच्या बायका पँट घालत होत्या. १९६६ मध्ये मालिका प्रत्यक्ष सुरू झाली तोवर मिनीस्कर्टची लाट आलेली. तेविसाव्या शतकातल्या अधिकारी बाईंनाही मग तोच मिळाला. चंदेरी कपड्यांचंही तसंच. अमेरिकेच्या पहिल्या अंतराळवीरांचे पोशाख चंदेरी होते, पॅरिसच्या कूरेज आणि पाको राबानने तीच चमक फॅशनमध्ये आणली, आणि आजही गॅदरिंगमध्ये पोराला अंतराळवीर करायचं तर आई चंदेरी कागदच शोधते.

याला मी दोष म्हणणार नाही. प्रेक्षकाला ओळखीचा धागा लागतोच. प्रश्न एवढाच की तो धागा कुणाच्या कपाटातला. ‘मिस्टर इंडिया’तला (१९८७) मोगॅम्बो क्षेपणास्त्रं डागायला निघालेला, पण माधव अगस्ती या मराठी शिंप्याने त्याला चढवला तो जरीकाम केलेला दरबारी कोट, अर्धा जमीनदार आणि अर्धा गोरा लाटसाहेब. मला तो वेश फार आवडतो, कारण आपल्याला सत्तेची भीती नेमकी कोणत्या कपड्यात वाटते हे त्या शिंप्याला ठाऊक होतं. (नायक अदृश्य होत असल्याने त्याच्या वेशाचा प्रश्न परस्पर मिटला.) ‘क्रिश’चा (२००६) काळा लांब कोट मात्र ‘मॅट्रिक्स’नंतरच्या हवेतला वाटतो. कथेत क्रिश वावरतो त्या सिंगापुरातही पाऊस आणि घाम असतो हे तो शिवताना कुणाच्या लक्षातच आलं नसावं.

खानदेशाच्या वेशीवरच्या मालेगावात वेगळं घडलं. शेख नासिर यांनी आपल्या चित्रपटात शफीक या यंत्रमाग कामगाराला सुपरमॅन केलं. ती धडपड फैझा अहमद खान यांच्या माहितीपटात आहे. किडकिडीत अंगाचा हा सुपरमॅन तंबाखूविरुद्ध लढतो. गेल्या काही दशकांत हॉलिवूडच्या वीरांना पोशाखातच खोटे स्नायू शिवून मिळतात. इथे माणूस आहे तसा राहिला, आणि मूळ वेशात तालमीतल्या शरीराची केवढी फुशारकी होती ते त्याच्यामुळे दिसलं.

‘ड्यून’ या १९६५ च्या कादंबरीतले वाळवंटी लोक घाम गाळून त्याचं पिण्याचं पाणी करणारा पोशाख घालतात. १९८४ च्या चित्रपटात तो काळ्या रबराचा, छातीपोटाचे स्नायू कोरलेला झाला. ते दशक जिममध्ये कमावलेल्या शरीराचं होतं, वाळवंटाचा विचार नंतर. २०२१ मध्ये जॅकलिन वेस्ट यांनी त्यावर सैल, उडती वस्त्रं दिली. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या स्टँडवर उभ्या राहिलेल्या कुणालाही हे आधीच सांगता आलं असतं.

तिथे दुपारी स्कूटीवरून येणारी मुलगी नीट बघा. डोक्यातोंडाला स्कार्फचे वेढे, फटीवर गॉगल, पूर्ण बाह्यांचा सनकोट, हातमोजे, आणि चपलेत घालता यावेत म्हणून अंगठा वेगळा असलेले मोजे. कातडीचा एक ठिपका उघडा नाही. तापलेल्या पृथ्वीचा गणवेश कुणाला रेखाटायचा असेल तर इथे तो तयार आहे. पण उद्या तो पडद्यावर आला, तर चाळीस वर्षांनी सनकोटवरच्या फुलांच्या छपाईवरून लोक सालही ओळखतील. त्यातून सुटका नाही.

तालुक्यात कापूस वेचणाऱ्या बायांचा वेश याहून जुना आणि मला अधिक महत्त्वाचा वाटतो. वाळलेल्या बोंडाची टोकं हात ओरखडतात म्हणून साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला रुमाल, कमरेला कापसाची ओटी. काम, ऊन आणि इजा यांचा पुरता विचार त्यात आहे. फक्त शर्ट बहुतेक वेळा नवऱ्याचा जुना असतो. खांदे उतरलेले, बाह्या दुमडलेल्या. भविष्यातली बाई रेखाटणाऱ्याने या बाह्यांपासून सुरुवात करावी, आणि तिच्या मापाचा पोशाख कुणी शिवला का, हे ठरवावं. मार्च २०१९ मध्ये दोन स्त्रियांनी मिळून अंतराळस्थानकाबाहेर काम करायचं ठरलं होतं. मध्यम मापाचा एकच पोशाख वापरायला तयार होता, म्हणून त्यातल्या एकीच्या जागी पुरुष गेला.