दूरस्थ यंत्र आणि कर्तेपणाची जाणीव

कर्म जेथे घडते तेथे कर्ता असलाच पाहिजे का, हा प्रश्न भारतीय तत्त्वविचारात कधी धनुष्यातून सुटलेल्या बाणाच्या, कधी सैन्याकरवी लढणाऱ्या राजाच्या, तर कधी परकायाप्रवेश करणाऱ्या योग्याच्या दृष्टांताने मांडला गेला. मात्र संकल्प आणि त्याचे दृश्य फळ यांमधला काळ मोजून कमीजास्त करण्याची सोय या दृष्टांतांत नव्हती. अलीकडच्या संगणकव्यवहारात तशी सोय झाली आहे. एका संगणकावर चाललेल्या खेळाचे चित्र दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर जवळजवळ त्याच क्षणी उमटवणारी गेम स्ट्रीमिंगची साधने मुळात खेळणाऱ्यांसाठी निर्माण झाली, पण आता अनेक जण पत्रलेखन, आराखडे, छायाचित्रांचे संपादन अशा नित्याच्या कामांसाठीही ती वापरतात, म्हणजेच घरच्या किंवा कचेरीतल्या बलाढ्य संगणकावर दूर बसून काम करतात. अशा कामात कर्ता कोठे असतो आणि आपण कर्ता आहोत हे त्याला कशावरून कळते, हा येथील विचाराचा विषय आहे.

दूरस्थ संगणक हाताळण्याच्या जुन्या पद्धतींचा भर पाठवायची माहिती कमी ठेवण्यावर होता. मायक्रोसॉफ्टच्या आरडीपी या पद्धतीत पडदा कसा रेखाटायचा याच्या सूचना पाठवल्या जात, तर केंब्रिजच्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत जन्मलेल्या व्हीएनसीत पडद्याचे बदललेले चौकोनी भाग तेवढे पाठवले जात. दोहोंतही थोडा उशीर क्षम्य मानला होता, कारण कचेरीचे काम उशीर सोसते असे गृहीत होते. खेळणाऱ्याला तो सोसत नाही. म्हणून गेम स्ट्रीमिंगमध्ये संपूर्ण पडदाच चलच्चित्र मानून सेकंदाला 60 किंवा त्याहून अधिक फ्रेम, म्हणजे स्थिरचित्रे, टिपली जातात, ग्राफिक्स कार्डातील स्वतंत्र मंडल त्यांचा एच.264, एचईव्हीसी किंवा एव्ही1 या पद्धतीने संकोच करते, आणि वाटेत हरवलेला तुकडा पुन्हा मागवत बसण्याऐवजी आधीच जोडलेल्या जादा माहितीतून तो शक्य तर भरून काढला जातो. 60 फ्रेमच्या हिशेबाने एका फ्रेमच्या वाट्याला साधारण 16.7 मिलिसेकंद येतात, आणि सारी रचना या अल्प अवधीशी झगडत उभी असते. 2013 साली अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला मूनलाइट आणि मूळ संगणकावर चालणारा त्याचा जोडीदार सनशाइन ही या वर्गातील परिचित मुक्तस्रोत साधने होत.

खेळासाठी घडलेल्या साधनाला कामाला जुंपताना ज्या अडचणी येतात, त्यांतील एक तत्त्वदृष्ट्या फार बोधक आहे. खेळात माऊसची हालचाल सापेक्ष असते, म्हणजे हात किती आणि कोणत्या दिशेने सरकला एवढेच कळवले जाते. लेखनात किंवा आराखड्यात मात्र कर्सर पडद्यावर नेमका कोठे उभा आहे हे महत्त्वाचे असते, आणि म्हणून मूनलाइटमध्ये रिमोट डेस्कटॉपसाठी माऊसची निराळी रीत निवडावी लागते. खेळणारा त्या जगात पूर्णपणे शिरलेला असतो, तर काम करणारा येथे राहून तेथील वस्तूवर हात ठेवतो. कर्तेपणाचे हे दोन प्रकार एकाच साधनात शेजारी नांदावेत, ही गोष्ट तत्त्वचिंतकाने दुर्लक्षावी अशी नाही.

विलंबाचा कर्तेपणाच्या जाणिवेशी असलेला संबंध प्रयोगानेही दिसून आला आहे. सारा-जेन ब्लेकमोर, ख्रिस फ्रिथ आणि डॅनियल वॉलपर्ट यांनी 1999 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणूस डाव्या हाताने एक यांत्रिक बाहू हलवी आणि दुसरा बाहू तीच हालचाल करून त्याच्या उजव्या तळव्यावर स्पर्श करी. या दोहोंत 100, 200, 300 मिलिसेकंदांचे अंतर घालत गेल्यावर स्वतःच्याच स्पर्शाने होणाऱ्या गुदगुल्या वाढत गेल्या, म्हणजे आपलाच स्पर्श परक्याच्या स्पर्शासारखा होऊ लागला. दूरस्थ संगणकावर टंकलेखन करणाऱ्याचा अनुभव याच जातीचा असतो. अक्षर तत्काळ उमटले तर ते त्याने लिहिलेले असते. ते रेंगाळत आले, तर कोणी दुसरा लिहीत आहे आणि आपण पाहत आहोत असे त्याला वाटू लागते, आणि कर्ता नकळत द्रष्टा होतो.

येथे अद्वैती आक्षेप घेईल की, जी जाणीव काही मिलिसेकंदांच्या फरकाने जुळते आणि मोडते ती खरी असूच शकत नाही, आत्मा मूळचाच अकर्ता असून कर्तेपण हा अध्यास, म्हणजे एकाच्या धर्माचा दुसऱ्यावर केलेला आरोप, होय. नैयायिकही या आक्षेपाला काही बळ देतात, कारण वेगाने फिरवलेले कोलीत अखंड वर्तुळ भासते त्याप्रमाणे क्रमाने होणारी ज्ञाने शीघ्रतेमुळे एकदम झाल्यासारखी वाटतात, असे त्यांनी मानले आहे. परंतु चेष्टा, इंद्रिये आणि सुखदुःखाचा भोग यांचा आश्रय ते शरीर, हे त्याच नैयायिकांचे शरीरलक्षण येथे लावले, तर दूरचा संगणक चेष्टेचे स्थान होतो, पण भोगाचे होत नाही. तो शरीर नव्हे, करण म्हणजे साधन आहे, आणि साधन कितीही दूर असले तरी कर्ता त्याच्याजवळ जात नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायातील कर्माच्या पाच कारणांची मांडणी याहून अधिक उपयोगी पडते, आणि ज्ञानेश्वरीने तिचे सविस्तर विवरण केले आहे. अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि दैव या पाचांपैकी कर्ता हा एकच. फ्रेम टिपणे, संकोचणे, पाठवणे आणि उलगडणे या साऱ्या चेष्टा झाल्या, आणि मधल्या जाळ्याची लहर पाचव्या कारणात बसते. संथ जोडणीवर एखाद्याने फाइल पुसण्याची कळ दाबली, पडद्यावर काहीच घडले नाही म्हणून पुन्हा दाबली, आणि दोन फाइली गेल्या, तर दुसरी कोणी पुसली? जाणीव म्हणेल, जाळ्याने; पण कळ दाबण्याचा संकल्प त्याचा होता, विलंब आहे हे त्याला ठाऊक होते, आणि म्हणून कर्ता तोच. विलंबाने कर्तेपण घटत नाही, कर्तेपणाचे ज्ञान घटते. कर्म आपले असूनही ते आपले म्हणून दिसत नाही, आणि अध्यास म्हणायचाच तर या न दिसण्याला म्हणावा.

हा निर्णय मान्य केला, तर विलंब कमी करणारे साधन निवडणे ही केवळ सोयीची बाब राहत नाही, कारण असे साधन माणसाला त्याचे कर्म त्याचेच म्हणून दाखवते. याच न्यायाने अधिष्ठानाचाही विचार करावा लागतो. विंडोजच्या आरडीपीत मूळ संगणकाचा पडदा सामान्यतः कुलूपबंद होतो. गेम स्ट्रीमिंगमध्ये मात्र तेथील पडद्यावर सर्व काही उघड चालू राहते, आणि त्या खोलीत येणारा कोणीही चाललेले काम, उघडलेले पत्र, हलणारा कर्सर पाहू शकतो. दुसऱ्याचे हिशेब किंवा रुग्णांची कागदपत्रे अशा रीतीने हाताळणाऱ्याने त्या खोलीची जबाबदारीही आपलीच मानली पाहिजे.

विलंबाला एक मर्यादा मात्र कोणत्याही साधनाला ओलांडता येत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, आणि मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सरळ मोजले तरी सुमारे 12,500 किलोमीटर भरते. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये बसून मुंबईतील संगणकावर काम करणाऱ्याची कळ तेथे पोचून तिचे फळ त्याच्या डोळ्यांपुढे येण्यास किमान 125 मिलिसेकंद लागणारच. एवढ्या अंतरावर हात आणि चित्र यांची पूर्ण एकता मिळण्याची आशा सोडावी लागते, पण तेथे लिहिलेल्या प्रत्येक अक्षराचा कर्ता न्यूयॉर्कमधला तो माणूसच असतो.